नोडचा एचटीटीपीएस सर्व्हर 'सुडो' लावून चालवला तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा: दांडिया बाजारातल्या गणेश मंडळाच्या वर्गणीसाठी नोडमध्ये, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, सर्व्हर लिहिला, सर्टबॉट या प्रोग्रामने लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सेवेचं एचटीटीपीएससाठी लागणारं सर्टिफिकेटही घेतलं, पण सर्व्हर 'ईएसीसीईएस' (परवानगी नाही) म्हणून बंद पडतो आणि सुडो लावला, म्हणजे सर्वाधिकारी 'रूट' युजर म्हणून चालवला, की नीट चालतो. तसाच ठेवू का?

नका ठेवू. मी इथे वडोदऱ्यातच सर्व्हर सांभाळायचं काम करतो आणि या एका बाबतीत अगदी ठाम आहे. नोड रूट म्हणून चालत असताना तुमच्या कोडमध्ये किंवा एनपीएमवरून (नोडच्या तयार कोडच्या भांडारातून) घेतलेल्या एखाद्या पॅकेजमध्ये भोक निघालं, तर आत शिरणाऱ्याच्या हाती अख्खं मशीन लागतं. त्यात वर्गणीदारांची नावं आणि फोन नंबर आहेत.

एररची पूर्ण ओळ वाचा. तिच्यात 'लिसन' असेल तर अडचण पोर्टची, म्हणजे सर्व्हर ज्या क्रमांकावर जोडणी घेतो त्याची: लिनक्सवर 1024 च्या खालचे पोर्ट साध्या युजरला सहसा मिळत नाहीत आणि तुम्हाला एचटीटीपीएसचा 443 हवाय. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू ठेवणारा प्रोग्राम) सर्व्हिस फाइलमध्ये साधा युजर द्या आणि 'अँबियंट कॅपॅबिलिटीज'मध्ये फक्त 'कॅप नेट बाइंड सर्व्हिस' ही खालचे पोर्ट वापरण्याची परवानगी द्या. काम झालं.

'ओपन' असेल तर अडचण सर्टिफिकेटच्या खाजगी किल्लीच्या फाइलची. सर्टबॉट ती फक्त रूटला वाचू देतो आणि ते बरोबरच आहे. तिथे 777, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, करू नका. सर्टबॉटच्या 'रिन्यूअल-हुक्स'मधल्या 'डिप्लॉय' फोल्डरमध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवा; सर्टिफिकेट नवीन झालं की ती चालते. तिने किल्ली आणि सर्टिफिकेट तुमच्या अ‍ॅपच्या युजरच्या फोल्डरमध्ये कॉपी करायचं, मालकी त्या युजरला देऊन परवानगी 600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) करायची आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची. रीस्टार्ट विसरू नका. सर्टिफिकेट 90 दिवसांचं असतं, आणि डिस्कवर नवीन आलं तरी नोड मेमरीतलं जुनंच देत राहतो. मुदत संपत आल्याची ईमेलही लेट्स एन्क्रिप्टने जून 2025 पासून बंद केली आहे.

कोडमध्ये 'क्रिएटसर्व्हर'ला 'की' म्हणून 'प्रिव्हकी' (खाजगी किल्ली) आणि 'सर्ट' म्हणून 'फुलचेन' (सर्टिफिकेटांची पूर्ण साखळी) या सर्टबॉटच्या फाइल्स द्या. नुसती 'सर्ट' नावाची फाइल दिली तर तुमचं सर्टिफिकेट खात्रीच्या संस्थेशी जोडणारं मधलं सर्टिफिकेट जात नाही. लॅपटॉपवर पान उघडतं आणि फोनवर अडतं, असं होऊ शकतं. मंडळाची माणसं तर फोनवरूनच बघणार.

साध्या एचटीटीपीचा पोर्ट 80 बंद करू नका. तिथे दुसरा छोटासा सर्व्हर ठेवा. डोमेन तुमचंच आहे याची सर्टबॉटची पडताळणी तिथेच येते, तेव्हा 'वेबरूट' पद्धत (पडताळणीच्या फाइल्स एका फोल्डरमध्ये ठेवण्याची) वापरून त्या फाइल्स या सर्व्हरनेच द्याव्यात आणि बाकी सगळ्यांना 301 ने (कायमचं वळवणाऱ्या उत्तराने) एचटीटीपीएसवर पाठवावं. वळवायचा पत्ता रिक्वेस्टच्या होस्ट हेडरमधून (पाठवणाऱ्याने लिहिलेल्या साइटच्या नावातून) उचलू नका, स्वतःचं डोमेन लिहा. टीएलएसच्या (एचटीटीपीएसमागच्या एन्क्रिप्शनच्या) आवृत्त्यांना हात लावायची गरज नाही. नोड 12 पासून 1.2 च्या खालची मुळातच घेतली जात नाही.

हे सगळं केलं तरी वर्गणीच्या यादीच्या पानाला लॉगिन लागेलच. एचटीटीपीएस वाटेतली चोरी थांबवतं, उघडी यादी झाकत नाही. किल्ली गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) जाणार नाही तेवढं बघा.

शेवटी सर्टबॉटच्या 'रिन्यू'ला (नूतनीकरणाच्या कमांडला) 'ड्राय-रन', म्हणजे नुसती चाचणी, लावून बघा. त्यात डिप्लॉयची स्क्रिप्ट आपोआप चालत नाही, म्हणून ती एकदा हाताने चालवून फोनवरून पान उघडा.