लोकअदालतीत तडजोड करावी का?

प्रश्न : माझे थोरले बंधू वयाच्या ३८व्या वर्षी महामार्गावर दुचाकीवरून जाताना ट्रकच्या धडकेत वारले. मागे वहिनी, दोन लहान मुले व आई आहेत. दादांना गॅरेजमधून महिना १५,००० रुपये सुटत, पण कागदपत्रे फारशी नाहीत. साताऱ्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा चालू आहे. चूक दादांचीही होती असे म्हणणारी विमा कंपनी लोकअदालतीत १८ लाख देऊ करते आणि आमचे वकीलसाहेब ते घ्या म्हणतात. आम्ही फसत तर नाही ना? – एक वाचक, कराड

उत्तर : शंका रास्त आहे, परंतु वकीलसाहेबांचे गणित त्यांच्याकडून समजून घेतल्याशिवाय त्यांच्यावर अविश्वास दाखवू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ व २०१७ च्या निकालांनुसार दादांच्या वयाला १५ चा गुणक (वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा) लागतो, स्वयंरोजगार असल्याने उत्पन्नात भावी वाढीचे ४० टक्के मिळवले जातात आणि चार अवलंबित असल्याने एक चतुर्थांश वैयक्तिक खर्च वजा होतो. म्हणजे १५,००० रुपये पूर्ण सिद्ध झाले, तर सुमारे २८ लाख ३५ हजार होतात. अंत्यविधी वगैरेंच्या रकमा आणि व्याज वेगळे. मात्र न्यायाधिकरणाने उत्पन्न १०,००० च धरले, तर हाच आकडा १८ लाख ९० हजारांवर येतो, आणि त्यावर दादांचा निष्काळजीपणा निम्मा ठरला, तर साडेनऊ लाखांच्या आत उतरतो.

अनुभवी वकील मोठ्या आकड्याकडे पाहून सल्ला देत नाही. उलटतपासणीत कोणता साक्षीदार टिकेल, घटनास्थळाच्या पंचनाम्यात दुचाकी कोणत्या बाजूला दाखवली आहे, हे तो आधी पाहतो. म्हणून वकीलसाहेबांना हेच दोन प्रश्न थेट विचारा. अपघात पाहणारा साक्षीदार असेल आणि सुट्या भागांची बिले, बँकेचे खातेउतारे, गॅरेजचा परवाना यांतले काही हाती लागत असेल, तर माझ्या मते १८ लाखांना होकार देण्याची घाई करू नये. यांपैकी काहीच नसेल, तर त्यांचा सल्ला मला योग्य वाटतो.

वेळही मोजावा लागतो. निकालानंतर कंपनी उच्च न्यायालयात अपील करू शकते. कोल्हापूरला उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे (फिरत्या खंडपीठाचे) कामकाज सुरू झाल्याने मुंबईची फेरी वाचली, तरी अपिलातली वर्षे टळत नाहीत, आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च तेवढी वाट पाहत नाही. दुसरीकडे, लोकअदालतीचा निवाडा अंतिम असून त्यावर अपील नाही. तेव्हा १८ लाखांत व्याज धरले आहे का आणि मुलांचा वाटा कसा ठेवला जाईल, हे वहिनींनी सही करण्यापूर्वी लेखी मागावे. तडजोड झाली नाही, तर दावा होता तेथूनच पुढे चालतो. नकारामुळे तुमची बाजू कमकुवत होत नाही.