टीबीच्या जंतूचा उपसा पंप: वाचकांचे प्रश्न

अमळनेर: भावाच्या थुंकीच्या ट्रूनॅट तपासणीत रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला रेझिस्टन्स नाही, म्हणजे जंतू त्याला दाद देतो, असं आलं होतं. तरी दोन महिने गोळ्या घेऊनही थुंकीत जंतू दिसले. जंतू पंपाने औषध बाहेर फेकतो असं वाचलं. मग आधीची तपासणी चुकली का?

चुकलीच असं म्हणता येणार नाही. एक तर सूक्ष्मदर्शकाखाली मेलेले जंतूही दिसतात, त्यामुळे आता एलपीए (जनुकांवरून रेझिस्टन्स ओळखणारी पट्टीची चाचणी) आणि कल्चर (जंतू जिवंत आहेत का ते वाढवून पाहणं) करून घ्यायला हवं. दुसरं म्हणजे ट्रूनॅट आणि तिच्यासारखीच सीबीनॅट या चाचण्या जंतूच्या आरपीओबी या जनुकातला ८१ अक्षरांचा तुकडा तपासतात. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या ९५ टक्क्यांहून अधिक जंतूंचा बिघाड तिथेच असतो. आयसोनियाझिडबद्दल मात्र ही नेहमीची चाचणी काही सांगत नाही. ते एलपीएत कळतं. पंप किती जोरात चालू आहे, हे तर यातल्या कुठल्याच चाचणीत दिसत नाही.

हे पंप म्हणजे जंतूच्या आवरणात रुतलेली प्रथिनं. टॅप, पी-५५, एमएमपीएल-५ अशी त्यांची नावं. आपल्या गोळ्यांसाठी ती घडलेली नाहीत. एमएमपीएल-५चं मूळ काम लोह गोळा करणारे रेणू पेशीबाहेर सोडण्याचं. औषध आलं की काही पंपांची संख्या वाढते, आणि आपल्याच पांढऱ्या पेशींत दडून बसलेल्या जंतूंमध्ये ही वाढ विशेष दिसते.

आता विहिरीचा हिशोब करा. झरा बारीक आणि मोटर चालू, तर विहिरीत पाणी साठत नाही. झरा जोराचा असेल तर तीच मोटर कमी पडते. औषधाचा झरा बारीक होतो तो अनेकदा डोस कमी पडल्याने. सरकारी एकत्रित गोळी (रिफाम्पिसिन १५०, आयसोनियाझिड ७५, पायराझिनामाइड ४००, इथाम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम) मोठ्या माणसाला वजनावर देतात: २५ ते ३४ किलोला २, ३५ ते ४९ला ३, ५० ते ६४ला ४, ६५ ते ७५ला ५. उपचार लागू पडला की वजन वाढतं. ४६ किलोचा रुग्ण ५२वर गेला आणि गोळ्या तीनच राहिल्या, की डोस कमी पडू लागतो. त्यामुळे दर महिन्याला काट्यावर उभं राहायचं, आणि ५ किलोंचा फरक पडून गट बदलला असेल तर तिथेच विचारायचं.

नुसत्या पंपाने येणारा रेझिस्टन्स सहसा हलकाच असतो, पण तो जंतूला वेळ मिळवून देतो. जंतू साधारण २० तासांनी दुणावतो आणि प्रत्येक वेळी जनुकात चूक होण्याची शक्यता असते. ती चूक आरपीओबीत झाली की पुढे रिफाम्पिसिनचा उपयोग संपला.

शहादा: नात्यातला एकजण एमडीआर टीबीच्या (रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड दोन्हींना दाद न देणाऱ्या टीबीच्या) सहा महिन्यांच्या नव्या उपचारावर आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जायचं आहे. महिनाभर गोळ्या राहिल्या तर चालेल का?

अजिबात नाही, आणि कारण पंपातच आहे. या उपचारात बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असतात. बेडाक्विलिन पहिले दोन आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम, मग आठवड्यातून तीनदा २००. शरीरातून ते फार हळू जातं. शेवटच्या टप्प्यात निम्मं व्हायलाच पाच महिन्यांच्या आसपास लागतात. गोळ्या थांबल्या की बाकीची तिन्ही औषधं काही दिवसांत निघून जातात आणि बेडाक्विलिन एकटं उरतं, तेही दिवसेंदिवस पातळ होत. रेझिस्टन्स तयार व्हायला याहून सोयीची परिस्थिती नाही.

जंतूत आरव्ही ०६७८ नावाचं जनुक एमएमपीएल-५ पंपाला दाबून ठेवतं. ते बिघडलं की पंप सुटतो आणि बेडाक्विलिनबरोबर क्लोफाझिमिन हे टीबीचं दुसरं औषधही बाहेर काढतो, म्हणजे कधी न घेतलेलं औषधही हातचं जातं. याला पुरावाही सुरेख आहे: ज्या जंतूंत हे जनुक आणि पंप दोन्ही बिघडलेले असतात, त्यांच्यावर बेडाक्विलिन चालतं. बिघाड जनुकात कुठेही होऊ शकतो, म्हणून एक तुकडा वाचून निकाल देणारी चाचणी इथे अपुरी पडते.

निघण्याआधी निक्षय क्रमांक (टीबी रुग्णाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) घ्या आणि केंद्रावर सांगून नाव तिकडच्या केंद्राकडे वर्ग करून घ्या. हा क्रमांक देशभर चालतो. बेडाक्विलिन जेवणाबरोबरच घ्यायचं. उपाशीपोटी ते रक्तात जवळपास निम्मंच उतरतं. फडावर पहाटे कामाला लागायचं असेल, तर भाकरी खाल्ल्यावरची वेळ ठरवून घ्या.

भुसावळ: व्हेरापामिल ही बीपीची गोळी हे पंप बंद करते म्हणे. टीबीच्या गोळ्यांबरोबर घेतली तर?

स्वतःच्या मनाने नको. प्रयोगशाळेत व्हेरापामिलने पंप मंदावतात हे खरं, पण त्याला लागणारं प्रमाण रक्तात आणायचं तर हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या मंदावतील. शिवाय रिफाम्पिसिन यकृताला असं कामाला लावतं की पोटात घेतलेलं व्हेरापामिल रक्तात नावालाच उरतं. बीपीसाठी आधीपासून घेत असाल तर टीबीच्या डॉक्टरांना नक्की सांगा. ती गोळी बदलावी लागू शकते.

चोपडा: कापसावर स्ट्रेप्टोमायसिन फवारतात. त्यामुळे टीबीचे जंतू निगरगट्ट होतात का?

टीबीचा जंतू कापसाच्या शेतात वाढत नाही, आणि इतर जंतूंकडून रेझिस्टन्सची जनुकं उचलत नाही. त्याचा रेझिस्टन्स रुग्णाच्या शरीरात, त्याच्याच जनुकांतल्या चुकांतून तयार होतो. मातीतल्या बाकीच्या जंतूंचं मात्र तसं नाही, त्यामुळे फवारणी निर्धोक आहे असा याचा अर्थ काढू नये.

रावेर: कल्चरचा नमुना ‘दूषित’ म्हणून परत आला. असं का?

बहुधा उन्हाने. नमुना तापला की थुंकीतले इतर जंतू झपाट्याने वाढतात आणि सावकाश वाढणारा टीबीचा जंतू त्यात हरवतो. सकाळी उठल्याबरोबर साध्या पाण्याने चूळ भरा, दोन-तीन खोल श्वास घ्या आणि छातीतून खाकरून २ ते ५ मिलिलिटर बेडका काढा. नुसती लाळ नको. हे उघड्यावर, माणसांपासून लांब करा. नाव डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नाही. झाकण घट्ट लावून डबी त्याच दिवशी बर्फाच्या पेटीतून पोचवा. कल्चरला सहा आठवडेही लागू शकतात, म्हणून नवा नमुना लगेच द्या आणि तोवर चालू गोळ्या सोडू नका.