ड्रायव्हर टाकला आणि काळा स्क्रीन आला? फॉरमॅट मारू नका

तुमचं म्हणणं असं आहे की लिनक्सचं उबुंटू 22.04 आहे, ग्राफिक्स कार्ड एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स 1650, त्यांचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) टाकून रीस्टार्ट केलं की काळा स्क्रीन येतोय, दोनदा फॉरमॅट मारून झालं, आता तिसऱ्यांदा मारू का लिनक्सच सोडून देऊ. दोन्ही नका करू. दोनदा सगळं नवीन टाकूनही तेच होतंय म्हणजे दोष उबुंटूच्या फायलींमधे नसणार, बाहेर कुठंतरी आहे, आणि माझा अंदाज बायोसमधल्या (कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी चालतो तो प्रोग्रॅम) सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सेटिंगवर आहे. पण अंदाजावर जाऊ नका, तपासून बघा, दोन मिनिटांचं काम आहे, खाली सांगतो.

आमच्याकडे हुबेहूब हेच झालेलं. दाजींचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, भाचा तिथं ऑफिसात ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅमवर टॉवेल-चादरीचे थ्रीडी फोटो बनवतो, म्हणजे माल मागावर चढायच्या आधीच गिऱ्हाइकाला डिझाईन दाखवता येतं. त्याच्यासाठी सेकंडहँड कार्ड आणलं, तेच 1650. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचे दिवस होते, घरचे सगळे जत्रेच्या होम मैदानावर, आणि आम्ही दोघं संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत त्या काळ्या स्क्रीनसमोर. इकडनं एक कमांड घेतली, तिकडनं एक घेतली, आधी एपीटीने (उबुंटूचं प्रोग्रॅम टाकायचं टूल) ड्रायव्हर टाकला, मग त्याच्यावरच कंपनीच्या साईटवरची डॉट रन फाईल चालवली, मग एनव्हिडिया नावाचं जे दिसेल ते पर्ज केलं, म्हणजे मुळापासून काढलं. दर वेळी रीस्टार्ट केल्यावर एक निळा स्क्रीन यायचा, खाली दहा सेकंदांचा आकडा उलटा मोजत जायचा, आम्ही त्याच्याकडे लक्षच देत नव्हतो, आपोआप जाऊ देत होतो. सगळं उत्तर त्या निळ्या स्क्रीनमधेच होतं. ते पाच तास तुमचे जाऊ नयेत म्हणून एवढं लांबण लावून लिहितोय.

आधी आत काय होतं ते समजून घ्या, मग कमांडा पाठ करायची गरज पडत नाही. उबुंटू टाकल्याबरोबर जो डेस्कटॉप दिसतो तो नूव्हो नावाच्या ड्रायव्हरवर चालतो. कंपनीची कागदपत्रं हातात नसताना लोकांनी कार्डाचं वागणं तपासत तपासत तो लिहिलाय, 2010 साली लिनक्सच्या कर्नलमधे, म्हणजे गाभ्यात, गेला, आणि मला त्या लोकांबद्दल फार आदर आहे कारण त्यांच्यामुळेच नवीन कॉम्प्युटर पहिल्या दिवशी निदान उघडतो तरी. पण ब्लेंडरला लागणारं कुडा (कार्डाकडून आकडेमोड करून घ्यायची एनव्हिडियाची सोय) त्याच्यावर चालत नाही, म्हणून आपण एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकतो. तो टाकला की तो नूव्होला ब्लॅकलिस्ट करतो, म्हणजे सुरूच होऊ देत नाही, कारण एका कार्डावर दोघं बसू शकत नाहीत. आता मागावरचं बघा, सकाळपाळीचा माणूस घरी गेला आणि दुपारपाळीच्या माणसाला वॉचमनने पास नाही म्हणून गेटवरच थांबवलं, तर माग कोण चालवणार. तुमचा काळा स्क्रीन म्हणजे तो बंद पडलेला माग आहे. माग चांगला आहे, माणूसही चांगला आहे, पास तेवढा नाही.

हा वॉचमन म्हणजे सिक्युअर बूट. ज्या मॉड्यूलवर (कर्नलमधे घालायचा ड्रायव्हरचा भाग) ओळखीची सही नाही ते कर्नलमधे शिरूच देत नाही. उबुंटूचं स्वतःचं कर्नल सही केलेलं असतं म्हणून ते सुरू होतं, पण डीकेएमएस नावाचं टूल तुमच्या कॉम्प्युटरवर जे एनव्हिडियाचं मॉड्यूल तयार करतं त्याच्यावर तुमच्याच कॉम्प्युटरची सही असते, आणि ती सही तुम्ही एकदा स्वतःच्या हाताने मान्य करायची असते. (कमांड इथं मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही इंग्रजी अक्षरांत, सगळी लहान अक्षरं, अशा टाइप करा.)

आत शिरायचं कसं. काळ्या स्क्रीनवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकदम दाबा, नुसता अक्षरांचा लॉगिन आला तर उत्तमच, तिथंच काम होईल. नाही आला तर रीस्टार्ट करून कंपनीचा लोगो गेल्याबरोबर एकदा एस्केप दाबा, ग्रबचा (उबुंटू सुरू करून देणारा प्रोग्रॅम) मेनू येईल, पहिल्या ओळीवर ई दाबा, लिनक्स शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी एक जागा सोडून नोमोडसेट लिहा आणि एफ10 दाबा. डेस्कटॉप बेढब मोठा दिसेल, चालेल, हे त्या एका वेळेपुरतंच असतं.

आता टर्मिनलमधे सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया एवढंच टाइप करा आणि जे उत्तर येईल ते नीट वाचा, शब्दन् शब्द. बाकी काही करायच्या आधी हे. कारण इथं मुख्यतः तीन प्रकारची उत्तरं येतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे, एकाचा इलाज दुसऱ्याला लावला की गुंता वाढतो, आमचा तसाच वाढलेला.

'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' किंवा 'रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल' असं आलं तर सिक्युअर बूटच आहे, शंका नाही. मोकयुटिल डॅश डॅश एसबी-स्टेट टाकून खात्री करा, एनेबल्ड म्हणेल. मग सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी डॅश डॅश एनरोल-की चालवा, एक पासवर्ड मागेल, निदान आठ अक्षरांचा, साधा ठेवा कारण तो एकदाच लागतो, कागदावर लिहून ठेवा. रीस्टार्ट केलं की तोच निळा स्क्रीन येईल. दहा सेकंदांच्या आत कुठलंही बटन दाबायचं, मग एनरोल मोक (मोक म्हणजे तुमच्या सहीची की), मग कंटिन्यू, मग येस, मग पासवर्ड, मग रीबूट. वर कंटिन्यू बूट असाही पर्याय असतो, तो घेतला तर काहीच मान्य होत नाही आणि ही विनंती पुन्हा पहिल्यापासून टाकावी लागते. पासवर्ड टाइप करताना काही दिसत नाही, घाबरू नका. ब्लूटूथचा कीबोर्ड तिथं चालत नाही, वायरचा लावा.

बरेच जण सांगतील बायोसमधे जाऊन सिक्युअर बूट बंदच करून टाका. होतंय तसंही, चुकीचं नाही. पण त्याच मशीनवर विंडोज असेल आणि त्याच्यात बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर विंडोज रिकव्हरी की मागून बसेल, आणि ती की हाताशी नसली की खरी पंचाईत. मी सही मान्य करायचाच रस्ता धरतो.

दुसरं उत्तर, 'मॉड्यूल एनव्हिडिया नॉट फाउंड'. म्हणजे चालू कर्नलसाठी मॉड्यूल तयारच झालं नाही. डीकेएमएस स्टेटस टाका, इन्स्टॉल्ड दिसतंय का बघा. बहुतेक वेळा त्या कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फायली) नसतात, ते टाकले की काम होतं. तुमच्या 22.04 मधे आणखी एक खोच आहे, त्याच्या अपडेटमधे 6.5 कर्नल आलं ते जीसीसी 12 ने (जीसीसी म्हणजे कोडचा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर) बनवलेलं आणि 22.04 चं नेहमीचं जीसीसी 11, त्यामुळे मॉड्यूल बनताना मधेच तुटायचं. जीसीसी-12 टाकलं की सुटतं. व्हार, लिब, डीकेएमएस, एनव्हिडिया या फोल्डरांच्या आत मेक डॉट लॉग नावाची फाईल असते, तिच्यात कुठं तुटलं ते स्पष्ट लिहिलेलं असतं, ती उघडायचा कंटाळा करू नका. बूटचं वेगळं पार्टिशन केलं असेल तर डीएफ डॅश एच टाकून ते भरलंय का तेही बघा. आणि अपडेट चालू असताना लाइट गेली असेल, जे आपल्याकडे उन्हाळ्यात नवीन नाही, तर पॅकेजं अर्धवट राहतात, तेव्हा सगळ्यात आधी सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए.

तिसरं, 'नो सच डिव्हाइस'. हे तुमचं नसावं, पण दुसऱ्या कुणी वाचलं तर उपयोगी पडेल. कार्ड आणि ड्रायव्हरची पिढी जुळत नाही असा त्याचा अर्थ. केप्लर पिढीची कार्डं 470 नंबरच्या ड्रायव्हरपर्यंतच चालतात, त्याच्या आधीची फर्मी 390 पर्यंत. एनव्हिडियाने मे 2022 मधे कर्नलमधल्या मॉड्यूलचा कोड खुला केला, पण ते ओपन मॉड्यूल ट्युरिंग पिढीच्या आणि त्याच्या पुढच्याच कार्डांना चालतं. तुमचं 1650 ट्युरिंग आहे म्हणून दोन्ही चालतील, पण जीटीएक्स 1050 वाल्याने ओपन शब्द असलेलं पॅकेज टाकलं तर हाच मेसेज येणार.

आणि मॉडप्रोबने काहीच न बोलता प्रॉम्प्ट परत दिला तर ड्रायव्हर बसलाय. मग मॉनिटरची केबल मदरबोर्डात लावलीय की कार्डात ते बघा. हसण्यावारी नेऊ नका, नवीन कार्ड बसवल्यावर हे फार वेळा होतं.

डॉट रन फाईल तुम्ही टाकली असेल तर ती आधी काढा, सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल. ती एपीटीला न विचारता फायली ठेवते, दोन्हींची सरमिसळ झाली की कर्नलच्या पुढच्या अपडेटला परत हेच. त्याच्यानंतर सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल, बस, व्हर्जन तो स्वतः निवडतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, रीस्टार्ट करा, बघा, मग पुढची. एएमडी किंवा इंटेलचं कार्ड असतं तर यातलं काहीच लागलं नसतं, त्यांचे ड्रायव्हर कर्नलमधे आणि मेसामधे (लिनक्सची ग्राफिक्सची लायब्ररी) आधीच असतात, पण ब्लेंडरवाल्याला एनव्हिडिया का हवं असतं ते मला कळतं.

झाल्यावर एनव्हिडिया-एसएमआय टाका, कार्डाचं नाव आणि ड्रायव्हरचा नंबर असलेला चौकोन आला पाहिजे. मग ब्लेंडरच्या प्रेफरन्समधे सिस्टीममधे जाऊन ऑप्टिक्स (एनव्हिडियाच्या कार्डावर रेंडर करायचा पर्याय) निवडा आणि कार्डावर टिक करा. आमच्याकडे रात्री सव्वाअकराला तो चौकोन आला, भाच्याने तिथंच निळ्या पट्ट्याचा एक टॉवेल रेंडरला टाकला आणि आम्ही कारखान्याला कुलूप लावून गड्ड्यावर गेलो, पाळणे अजून चालू होते.

तुम्ही मॉडप्रोबचं उत्तर आणि एसबी-स्टेटचं उत्तर, दोन्ही जसंच्या तसं, एक अक्षर न बदलता इथं लिहा, स्क्रीनचा फोटो असला तरी चालेल. रात्री नऊनंतर मी असतो, तीनपैकी कुठलं आहे ते लगेच सांगतो. तोवर उबुंटू टाकायचा पेन ड्राइव्ह काढून बाजूला ठेवा.