वर्गणी महाग असली की पाय आपोआप वळतात का?

नमस्कार,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरापासून सात मिनिटं चालत गेलं की सार्वजनिक जिम आहे, तिथे तुम्ही दीड वर्ष जाताय. वर्गणी अगदी कमी. पण संध्याकाळी गर्दी असते, स्क्वॉटचा रॅक एकच, आणि बाकांवर कुणाचे ना कुणाचे टॉवेल टाकून नंबर लावलेले. ऑफिसच्या वाटेवर नवा फिटनेस क्लब सुरू झालाय. पोहण्याचा तलाव, स्टीम, स्वच्छ शॉवर, हवी तेवढी मशिन्स. वर्गणी मात्र पाचपट. रविवारपर्यंत पूर्ण वर्षाची भरली तर प्रवेश शुल्क माफ. कार्डावर बारा हप्ते करून घ्यायचे आणि दरमहा निवृत्तीसाठी जी गुंतवणूक होते ती वर्षभर तेवढ्या फरकाने कमी करायची, असं तुमच्या मनात आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "एवढे पैसे भरले की मी जाईनच."

माझ्या मते सगळा निर्णय या शेवटच्या वाक्यावर उभा आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

पैसे गुंतले की माणूस जातो, हे काही दिवसांपुरतं खरं असतं. जॉन गुरविल आणि दिलीप सोमन या संशोधकांनी 1998 मध्ये सहामाही वर्गणी घेणाऱ्या एका क्लबची हजेरी तपासली होती. पैसे भरल्यावर लगेच सभासदांची ये-जा वाढायची, मग महिन्यागणिक उतरत जायची आणि पुढचा हप्ता भरला की पुन्हा चढायची. भरलेल्या पैशांची टोचणी बोथट होत जाते. वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्याला ती टोचणी वर्षातून एकदाच बसते. तुमच्या बाबतीत तर हप्ते आपोआप कापले जाणार, म्हणजे तीसुद्धा नीट जाणवायची नाही.

दुसरा अभ्यास स्टेफानो देलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर यांचा, 2006 साली प्रसिद्ध झालेला. त्यांनी अमेरिकेतल्या तीन क्लबांमधल्या 7,752 सभासदांची तीन वर्षांची हजेरी पाहिली. दरमहा 70 डॉलरहून अधिक ठरावीक वर्गणी देणारे सभासद महिन्यातून सरासरी 4.3 वेळा येत होते. म्हणजे एका खेपेला 17 डॉलरपेक्षा जास्त पडत होते. त्याच क्लबात दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला 10 डॉलरमध्ये भागलं असतं. शिवाय जिमला शेवटचं गेल्यापासून सभासदत्व रद्द करेपर्यंत सरासरी दोन महिन्यांहून अधिक काळ पैसे जातच राहिले. ही माणसं आळशी किंवा हिशेबात कच्ची होती असं मला वाटत नाही. सही करताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर पुढच्या महिन्यातला उत्साही 'मी' होता, आणि हिशेब त्याच्या भरवशावर मांडला होता.

तुमच्याकडे मात्र अंदाजापेक्षा पक्की गोष्ट आहे. सध्याच्या जिममध्ये रजिस्टरवर सही करावी लागते आणि त्यावरून मोजून तुम्ही कळवलंत की गेल्या तीन महिन्यांत 27 वेळा गेलात. महिन्याला नऊ. हा आकडा चांगला आहे, त्याला कमी लेखू नका. आता जिमची महिन्याची वर्गणी एक भाग धरू आणि क्लबची पाच भाग. तुम्ही नऊच वेळा जात राहिलात तर प्रत्येक खेप आजच्या पाचपट महाग. क्लबमुळे जाणं वाढून महिन्याला सोळा झालं असं मानू, तो मोठाच फायदा म्हणायचा. तरी जादाच्या सात खेपांसाठी तुम्ही जादाचे चार भाग मोजताय. म्हणजे वाढलेली प्रत्येक खेप आजच्या खेपेच्या पाचपटीहून थोडी महागच पडते. खर्चाच्या तराजूत क्लब जिमशी कधीच बरोबरी करणार नाही, कारण त्यासाठी महिन्यातून 45 वेळा जावं लागेल. तेव्हा 'वसूल होईल का' हा प्रश्न सोडून द्या. त्या चार भागांत नेमकं काय मिळतंय आणि ते तुम्हाला तेवढ्या मोलाचं आहे का, हे ठरवा.

व्यायाम म्हणून पाहिलं तर फार काही जादा मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला मध्यम जोराचा व्यायाम 150 ते 300 मिनिटं करावा किंवा जोरकस व्यायाम 75 ते 150 मिनिटं, आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. यातलं सगळं जुन्या ट्रेडमिलवर आणि गंज धरलेल्या डंबेल्सवर होतं. तुम्हाला खरोखर अडचण आहे ती गर्दीची. तीही, तुम्हीच लिहिलंय त्याप्रमाणे, संध्याकाळी सहा ते आठ. सकाळची वेळ करून पाहिलीत का, याबद्दल पत्रात काही नाही. रॅक अडलेला असेल तेव्हा करायचा दुसरा व्यायामक्रम एखाद्या जाणत्या ट्रेनरकडून चार-पाच बैठकांत आखून घेता येतो. त्याचे वेगळे पैसे द्यायला मी आनंदाने हो म्हणेन. नव्या मशिनपेक्षा नीट शिकून घेतलेली स्क्वॉट गुडघ्यांच्या जास्त कामाला येते.

पत्रात ओझरती आलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. एखाद्या दिवशी गेला नाहीत की दुसऱ्या दिवशी जिममधल्या आजी विचारतात, "काल कुठे होतात?" अशी चौकशी करणारं माणूस क्लबातही भेटेल, पण भेटेलच असं नाही, आणि माहितीपत्रकातल्या सोयींच्या यादीत ते नसतं. तुमच्या नऊ खेपांपैकी काही नक्कीच त्या प्रश्नामुळे झाल्या असणार.

आता क्लबाच्या बाजूने. तलाव ही खरी गोष्ट आहे. तुम्हाला पोहायला आवडतं आणि जिममध्ये तलाव नाही. तो ऑफिसच्या वाटेवर आहे, हेही बरंच काही सांगून जातं, कारण वाकडी वाट करून जावं लागणारी जागा पहिल्या पावसातच सुटते. आणि स्वच्छ शॉवर, शांतता, चांगली जागा हवीशी वाटणं यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. दिवसभर काम करून थकलेल्या माणसाला अशी तासभर जागा मिळावी, हे मलाही मनापासून वाटतं. फक्त त्या पैशाला आरोग्याचा खर्च म्हणू नका. एक भाग आरोग्याचा आणि चार भाग हौसेचे. हौसेचे पैसे हौसेच्या खात्यातून यावेत: बाहेर खाणं, सहली, खरेदी यांतून कापून. तिथून निघत असतील तर मला काही म्हणायचं नाही.

निवृत्तीच्या खात्यातून मात्र नको, हे मी ठामपणे सांगतो. तुम्हाला अजून पंधरा वर्षं नोकरी आहे. दरमहा चार भागांची गुंतवणूक वर्षाला 8 टक्के परताव्याने पंधरा वर्षं चालली तर साधारण 1,384 भाग जमतात, त्यातले 720 तुम्ही घातलेले. 8 टक्के हा मी हिशेबासाठी धरलेला दर आहे, त्याची हमी नाही, आणि महागाई यात वजा केलेली नाही. तुम्ही म्हणाल, मी तर एकाच वर्षापुरती कमी करतोय. पण सवयीची झालेली सोय वर्षाने कुणी सोडत नाही, आणि एकदा कमी केलेली गुंतवणूक पूर्ववत करायला मुहूर्त सापडत नाही. असं होताना मी इतक्या घरांत पाहिलंय की यावर मला वाद घालावासाच वाटत नाही. त्यातून कार्डाच्या हप्त्यांवर व्याज किंवा प्रक्रिया शुल्क असेल तर माफ झालेलं प्रवेश शुल्क बरंचसं तिकडेच जाईल. ते आधी विचारा.

वर्षाचे पैसे आगाऊ देण्याबद्दलही सांगायला हवं. तसं करणं म्हणजे क्लबला बिनव्याजी, बिनतारण कर्ज देणं. 2020 मध्ये महासाथीत अमेरिकेतल्या गोल्ड्स जिम आणि 24 अवर फिटनेस यांच्यासारख्या मोठ्या साखळ्यांनी दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं होतं. नव्याने उघडलेल्या क्लबाचा तर मागचा इतिहासच नसतो. शिवाय तुमची बदली झाली, पाय मुरगळला, घरात आजारपण आलं, तर काय? सभासदत्व काही महिने थांबवता येतं का, दुसऱ्याच्या नावे करता येतं का, रद्द करायला किती दिवस आधी कळवावं लागतं, आपोआप नूतनीकरण होतं का, ही उत्तरं करारात लिहिलेली हवीत. काउंटरवरच्या माणसाने तोंडी दिलेलं आश्वासन यात धरू नका.

माझा सल्ला असा. रविवारची मुदत जाऊ द्या. पुढचे तीन महिने जिममध्येच राहा, पण आठवड्यातून निदान दोन दिवस सकाळी जा आणि ट्रेनरच्या त्या चार-पाच बैठका घ्या. क्लबात एका दिवसाचा किंवा थोड्या खेपांचा पास मिळत असेल तर तो घेऊन फक्त पोहायला जा, तेही ऑफिस सुटल्यावर, थकलेल्या अवस्थेत, म्हणजे खरी परीक्षा होईल. पहिल्या भेटीत क्लब दाखवायला माणूस बरोबर असतो, तो अनुभव धरू नका. आणि जे दिवस चुकतील त्यांचं कारण एका शब्दात लिहून ठेवा: गर्दी, काम, कंटाळा, पाहुणे. अमेरिकेतल्या दोन अर्थतज्ज्ञांनी, गॅरी चार्नेस आणि युरी ग्नीझी यांनी, 2009 मध्ये दाखवलं होतं की विद्यार्थ्यांना महिन्यात आठ वेळा जिमला जाण्याचे पैसे दिले तर पैसे थांबल्यावरही त्यांचं जाणं आधीपेक्षा जास्त राहिलं. वारंवार गेल्याने सवय लागते, आणि ती लागायला हे तीन महिने हाताशी आहेत.

तीन महिन्यांनी महिन्याच्या खेपा बारापर्यंत गेल्या असतील, चुकलेल्या दिवसांपुढे बहुतेक 'गर्दी'च लिहिलेलं असेल आणि तलावाची ओढ तशीच असेल, तर क्लब घ्या. तेव्हाही दरमहाच्या बोलीवर, प्रवेश शुल्क भरावं लागलं तरी चालेल, आणि हौसेच्या खात्यातून. पण चुकलेल्या दिवसांपुढे 'काम' आणि 'कंटाळा' जास्त असतील तर क्लबात गेल्याने ते बदलणार नाहीत. मग जिम चालू ठेवा आणि पोहण्यासाठी खेपांचा पास घ्या. दोन्ही मिळून पाच भागांच्या बऱ्याच आत बसेल.

रविवारनंतर क्लबातून फोन येईल, बहुधा आणखी थोडी सवलत घेऊन. त्यांना सांगा की दरमहाच्या सभासदत्वाचा दर आणि रद्द करण्याचे नियम लेखी पाठवा. ते आले की मला दाखवा, आपण मिळून वाचू.