जीटीआय घ्यावी का हा प्रश्न नाहीये, पैसे कुठून काढताय हा आहे

वाचकाचा प्रश्न थोडक्यात: वय ३६, राहायला वाकडला, दोघंही नोकरी करतात, हातात मिळून महिना साडेतीन लाख येतात. घराचं लोन ४८ लाख बाकी, हप्ता ५२ हजार. एसआयपी ७० हजार. घरखर्च, मुलीची शाळा, आईवडिलांचं औषधपाणी धरून १ लाख १० हजार. म्युच्युअल फंडात ५८ लाख, एफडी ९ लाख, टर्म इन्शुरन्स १ कोटी. मुलगी ५ वर्षांची. आत्ता २०१९ ची पोलो जीटी टीएसआय आहे, ती बायको वापरेल म्हणून विकायची नाही. फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआय या वेगवान हॅचबॅकचं बुकिंग ५ मे २०२५ पासून सुरू झालंय, पहिल्या खेपेला दीडशेच गाड्या येणार म्हणतात, त्यामुळे फंडातून २५ लाख काढून बाकीचं ७ वर्षांचं कार लोन घेऊ का? सोबत गाडीप्रेमी मंडळींच्या मतांचे बरेच स्क्रीनशॉट जोडले आहेत.

नमस्कार,

सगळे स्क्रीनशॉट वाचले हो, रविवारची दुपार गेली त्यात. मी स्वतः साधी स्विफ्ट चालवतो त्यामुळे मला डीएसजी (तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आणि डिफरेन्शियल शिकवू नका, पण २६५ पीएस ताकद, ३७० एनएम टॉर्क आणि ५.९ सेकंदात शंभरचा वेग एवढं मला पण कळतं. आणि एक गंमत लक्षात आली, की भांडणारे सगळे एकाच गोष्टीवर भांडतायत. एक म्हणतो मॅन्युअल गिअरबॉक्स नाही तर जीटीआय कसली, दुसरा म्हणतो पुढच्याच चाकांना ताकद जाते मग एवढे पैसे का, तिसरा म्हणतो स्टिअरिंगवर ते टच वाले बटण काढून परत साधी बटणं दिली हेच फार झालं, चौथा म्हणतो थांब, स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस दिल्लीच्या एक्स्पोमध्ये जानेवारी २०२५ मध्ये दाखवलीय, तेच इंजिन आणि मोठी डिकी. आणि एकजण तर सरळ, की पेट्रोलवरच्या अशा हॅचबॅक आता संपत आल्या, नंतर रडत बसशील. सगळ्यांचं आपापल्या जागी बरोबर असेल. पण ही सगळी मतं "गाडी चांगली आहे का" याची आहेत, आणि तुम्ही मला ते विचारलेलंच नाही. गाडी चांगली आहे हे आपण धरून चालू.

हे लिहिलं तेव्हा, मे २०२५ मध्ये, कंपनीने किंमत सांगितलेली नव्हती, तरी तुम्ही ऑन रोड (टॅक्स, इन्शुरन्ससकट) ६० लाखांच्या आत बसेल असं लिहिलंय. मला नाही वाटत. आपण एक्स-शोरूम, म्हणजे टॅक्स-इन्शुरन्सच्या आधीची किंमत, ५२ धरू. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला स्वतःच्या नावावर १३ टक्के रोड टॅक्स, म्हणजे पावणेसात लाख इथेच गेले. त्यावर १ टक्का टीसीएस (गाडी विकणाऱ्याने गोळा केलेला इन्कम टॅक्स), ५२ हजार, हा रिटर्न भरताना परत मागता येतो पण द्यावा आधी लागतो. इन्शुरन्स दोनेक लाख. बाकी फुटकळ धरून ६२ धरा. आणि ही गाडी पूर्ण बाहेरून बनून येणार आहे, त्यामुळे डीलरकडून कोटेशन लेखी घ्या आणि टॅक्स नक्की किती टक्क्यांनी लावलाय ते बोट ठेवून विचारा, इम्पोर्टेड गाड्यांचा दर २० टक्के आहे आणि तो लागला तर हिशोब साडेतीन-पावणेचार लाखांनी वर जातो.

तर ६२ मधले २५ तुमचे, ३७ लोन. ९ टक्के, ७ वर्षं, हप्ता साडे एकोणसाठ हजार. एकूण परत द्याल ५० लाख, म्हणजे व्याजच १३ लाख. तेवढ्या व्याजात एक चांगली दुसरी गाडी येते हे मी सांगायची गरज नाही.

पण हप्ता म्हणजे गाडीचा खर्च नाही ना. पेट्रोल, गावात ९ चं अ‍ॅव्हरेज आणि वर्षाला १२ हजार किलोमीटर धरलं तर महिना साडेअकरा हजार. इन्शुरन्स महिन्याला वाटून १५ हजार. सर्व्हिस आणि टायर ७ हजार, कारण अठरा इंची चाकं, पातळ टायर आणि आपले रस्ते, एक टायर गेला की पंधरा-वीस हजार, आणि तो जाणारच, वाकडच्या अंडरपासपासून हिंजवडीपर्यंत रोज जाऊन बघा. सगळं मिळून महिना ९३ हजार.

आता तुमचेच आकडे तुमच्यासमोर ठेवतो. साडेतीन लाखातून ५२ हजार हप्ता गेला, ७० हजार एसआयपी, १ लाख १० हजार घर, पोलोचे १५ हजार. उरतात १ लाख ३ हजार. तुम्ही म्हणाल बघा, ९३ बसतात की! बसतात. पण मग मला एक सांगा, दर महिन्याला १ लाख ३ हजार उरतायत तर एफडीत फक्त ९ लाख कसे? वर्षाचे १२ लाख होतात. दोन वर्षं पगार हाच आहे असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे एकतर घरखर्च १ लाख १० नाहीये, किंवा कुठेतरी पैसे झिरपतायत जे यादीत आलेले नाहीत. चिडू नका, जवळजवळ प्रत्येक घरात हे असतं, लग्नकार्य, गोव्याची ट्रिप, नवीन फोन, सासरी दिलेली मदत, हे कोणी "घरखर्च" मध्ये लिहीत नाही. पण हप्ता मात्र खऱ्या पैशातून जातो, कागदावरच्या नाही.

आणि दुसरं, आत्ता दोघांचीही नोकरी एकदम गेली तर एसआयपी थांबवूनसुद्धा महिन्याला पावणेदोन लाख लागतात, ९ लाखात पाच महिने निघतात. गाडी आल्यावर तोच आकडा २ लाख ७० हजार होतो आणि तीन महिन्यांत एफडी संपते. आयटीची हवा सध्या काय आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

टर्म इन्शुरन्स १ कोटी. घराचं ४८ आणि गाडीचं ३७, म्हणजे ८५ लाख देणं. उद्या काही बरंवाईट झालं तर घरच्यांच्या हातात १५ लाख राहणार. गाडी घ्या न घ्या, हे कव्हर आधी वाढवा, ३६ व्या वर्षी अजून स्वस्तात मिळतं.

आता फंडातले २५ लाख. त्यात नफा समजा ११ लाख आहे, तर सव्वा लाख माफ जाऊन बाकीवर साडेबारा टक्के आणि सेस, म्हणजे सव्वा लाखाच्या पुढे टॅक्स. (काढायचेच असतील तर अर्धे मार्चमध्ये आणि अर्धे एप्रिलमध्ये काढतात लोक, दोन वर्षांची माफी मिळते, पण बुकिंगची घाई असली की हे जमत नाही.) हेच २५ लाख मुलगी १८ ची होईपर्यंत १० टक्क्यांनी राहिले तर ८६ लाख होतात. आता ८६ ऐकून घाबरवायचा माझा विचार नाही, महागाई ६ टक्के धरली तर ते आजचे ४० लाखच आहेत. पण ४० लाख म्हणजे तिचं शिक्षण आहे हो.

एक्झिटचा, म्हणजे गाडी विकून बाहेर पडायचा, विचार केलाय का? कारण गाडीवेडी माणसं ७ वर्षं एक गाडी ठेवत नाहीत, तुम्ही स्वतःच लिहिलंय की २०२८ पर्यंत ईव्ही घ्यावीच लागेल. तीन वर्षांनी विकली समजा ३३ ला. इन्शुरन्सवाल्यांचा घसाऱ्याचा तक्ता दुसऱ्या ते तिसऱ्या वर्षात ३० टक्के आणि पुढच्या वर्षी ४० टक्के धरतो, त्यामुळे ३३ काही वाईट भाव नाही. पण लोन तेव्हाही २४ लाख बाकी असेल! हातात ९ लाख. तोपर्यंत तुम्ही घातले २५ आणि छत्तीस हप्त्यांचे साडेएकवीस, एकूण साडेशेहेचाळीस. म्हणजे तीन वर्षांचा खर्च ३७ लाखांच्या वर, महिन्याला लाखापेक्षा जास्त, आणि यात पेट्रोल, पुढच्या वर्षांचा इन्शुरन्स, टायर काही धरलेलं नाही. तेही कशासाठी, तर एक्स्प्रेसवेवर लिमिट १०० चं, घाटात ६० चं, आणि वर कॅमेरे.

"लिमिटेड आहे, भाव पडणार नाही" हा तुमचा मुख्य मुद्दा, तर त्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे मी एकदा तोंडघशी पडलोय. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये याच कंपनीने पोलो जीटीआय आणली होती, आठवते का, तीन दरवाज्यांची, १.८ लिटर, १९२ पीएस, फक्त ९९ गाड्या, किंमत २५ लाख ९९ हजार. माझ्या एका क्लायंटने लगेच घेतली, मी पण म्हटलं ९९ च आहेत, घे. पुढच्याच वर्षी तीच गाडी कंपनीने १९ लाख ९९ हजारला लावली. सहा लाख बसल्या जागी गेले बिचाऱ्याचे. आईला मागच्या सीटवर बसवायचं तर पुढची सीट झुकवावी लागायची, माउली दोन वेळा बसली आणि परत काही बसली नाही. त्याला गाडीचा पश्चात्ताप नाही, अजून तिच्याबद्दल बोलताना डोळे चमकतात, पण सहा लाखांचा विषय काढला की गप्प होतो. तेव्हापासून "मोजक्याच गाड्या" हे ऐकलं की मी सावध होतो. मुळात पहिली गोल्फ जीटीआय १९७५ ला फ्रँकफर्टला दाखवली तेव्हा पाच हजारच बनवायचा विचार होता, पुढे वीस लाखांहून जास्त विकल्या गेल्या. इथे तसं होणार नाही, मान्य, पण लोकांनी उड्या मारल्या तर दुसरी खेप आणायला कंपनीला कोण अडवतंय? वर्षाला अडीच हजार गाड्या वेगळ्या मंजुरीशिवाय आणता येतात.

उलट बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल फक्त नकार देतो. जुन्या ऑक्टेव्हिया आरएसचं बघा, २०१७ ची २३० पीएस वाली साडेचोवीस लाखांत आली होती, २०२० ची २४५ पीएस वाली ३६ लाखांत, फक्त दोनशे गाड्या, आणि नीट ठेवलेल्या गाड्यांना अजून विचारणारे आहेत. त्यामुळे भाव टिकू शकतो. पण टिकू शकतो यावर लोन काढायचं नसतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही ती मी विचारतो, तुमच्या कंपनीत कार लीज पॉलिसी, म्हणजे कंपनीने गाडी भाड्याने घेऊन तुम्हाला वापरायला द्यायची सोय, आहे का? असेल तर चित्र बदलतं, कारण लीजचं भाडं टॅक्स कापायच्या आधीच्या पगारातून जातं आणि १.६ लिटरच्या वरच्या गाडीचा पर्क्विझिट (पगारात मिळवून टॅक्स लावतात ती सोयीची किंमत) २०२५ च्या नियमांत महिन्याला २,४०० रुपयेच धरायचे, अर्थात गाडी थोडी तरी ऑफिसच्या कामाला वापरली जात असेल तर. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये हा फरक मोठा आहे. पण कंपनीच्या नावावर गाडी म्हणजे आरटीओचा टॅक्स २० टक्के, आणि मधेच नोकरी सोडली तर लीज मोडायचा भुर्दंड तुमच्याच माथी. एचआरला एक मेल टाकून पॉलिसीची मर्यादा किती ते विचारा, पगाराच्या प्रमाणात असते, ५० च्या पुढे क्वचितच जाते. बरं, धंदेवाला असतात तर घसारा तरी दाखवला असता, पगारदाराला तेही नाही.

तर माझं मत, या खेपेला, या पद्धतीने, नको. गाडीला नको म्हणत नाही. जूनपासून ९३ हजार वेगळ्या खात्यात टाका, पगार आला की त्याच दिवशी, जणू जीटीआय दारात उभी आहे. सहा महिने न चुकता जमलं तर तुमचे आकडे खरे, मी माफी मागेन आणि पुढे पण टाकत राहा, अडीच वर्षांत व्याजासकट तीसच्या आसपास जमतील. तेव्हा याच खेपेतल्या गाड्या विकायला निघालेल्या असतील, कोणाला बाळ झालं असेल, कोणाला पाठीचा त्रास, कोणाला नवीन काही आवडलं असेल. तीस हातात आणि पाच-दहा लाखांचं लोन, फंडाला हात नाही. आणि जमलं नाही, तिसऱ्या महिन्यातच खात्यातून पैसे काढावे लागले, तर उत्तर तुम्हालाच मिळालं, माझ्यावर राग नको.

तोपर्यंत पोलो आहे की, ताम्हिणीला पहाटे पाचला ती पण हसवते, तुम्हीच लिहिलंय. वाटलं तर कोइम्बतूरला जाऊन एक दिवस ट्रॅकवर चालवून या, विमानाचं तिकीट धरून पण एका हप्त्यात भागेल.

बुकिंगच्या आधी कंपनी जी क्विझ घेते ती मात्र द्याच, तुम्ही पास व्हाल याबद्दल शंका नाही, पैसे भरायच्या स्क्रीनवर थांबा म्हणजे झालं. आणि वडिलांच्या मेडिक्लेमच्या पॉलिसीचा फोटो पाठवा, बायपास झालेल्या माणसाच्या पॉलिसीत को-पे (बिलातला आपण भरायचा हिस्सा) किती आहे ते मला बघायचंय, ९ लाखांच्या एफडीवर खरा हक्क वडिलांच्या आजारपणाचा आहे.