टॉर्चमध्ये फुगून अडकलेला सेल कसा काढायचा?

तीन सेलच्या जुन्या टॉर्चमधले दोन निघाले, शेवटचा फुगून बसलाय आणि कितीही आपटलं तरी हलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी आपटणं थांबवा. आमच्या गावच्या बॅटरीशी (आमच्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात) मीही तासभर हेच करत बसलो. नळीला पोचा पडला आणि सेल नेमका त्या पोच्यात आणखी घट्ट बसला.

तो मागून ओढण्यापेक्षा पुढून ढकला. बहुतेक जुन्या धातूच्या टॉर्च दोन्हीकडून उघडतात. पुढचं डोकं फिरवून काढा, काच, वाटी, बल्ब बाजूला ठेवा. नळी दोन विटांवर उभी करा, खाली सेल पडायला जागा हवी. वरून मॉपचा लाकडी दांडा घालून हातोडीचे हलके टोले द्या. आत कडेला बटणाची पितळी पट्टी असते, तिला दांडा लागू देऊ नका. ती वाकली की सेल निघूनही टॉर्च गेलीच. एवढ्यानेही नाही हलला तर दोन्हीकडून शिलाई मशीनचं तेल सोडून रात्रभर ठेवा. माझा सकाळी चौथ्या टोल्याला सुटला.

हातमोजे आणि चष्मा मात्र घालाच. साध्या सेलचा जस्ताचा डबा वापरात स्वतःच झिजतो, त्याला भोक पडतं आणि ओला मसाला बाहेर येऊन सगळं गंजतं. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं, ते कातडी आणि डोळे भाजतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचीच पांढरी पूड होते. सेल निघाल्यावर बोळ्याने व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावा, फसफसून पूड सुटेल.

सेलमध्ये स्क्रू पिळून ओढा, असं कुणीतरी सांगेलच. मी करणार नाही. आत वायूचा दाब असू शकतो आणि फवारा थेट तोंडावर येतो. चार्जिंगचा लिथियम सेल असेल तर टोले, भोक, तापवणं काहीच नको, नळीसकट ई-कचऱ्यात द्या.

नळी ॲल्युमिनियमची, एकाच बाजूने उघडणारी आणि आत अल्कलाइन गळलेला असेल, तर फार जीव टाकू नका. तो द्राव ॲल्युमिनियमच खातो. सेल निघाला तरी नळी बहुधा कामाची राहत नाही.