परदेशात पाठवलेल्या कोल्हापुरी चपलांवर जीएसटी द्यावा लागतो का?

नाही. तुम्ही तो द्यायचं कारण नाही, आणि दुकानदाराने मागायलाही नको होता.

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरातल्या एका ऑनलाइन दुकानातून 4200 रुपयांचा जोड मागवलात, पार्सल थेट न्यू जर्सीला येणार आहे, आणि बिलात 18 टक्क्यांनी 756 रुपये जीएसटी लावलाय. हे वाचून गप्प बसवेना, कारण याच 18 टक्क्यांवरून आमच्या घरात बरेच दिवस अबोला होता.

निर्यातीवर आपल्याकडे कर शून्य दराने लागतो. 2017 च्या आयजीएसटी (परराज्यात आणि परदेशात जाणाऱ्या मालावरचा जीएसटी) कायद्याचं कलम 16. विक्रेत्याला दोन वाटा आहेत. एक, एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, भरून ठेवायचं आणि कर न लावता माल पाठवायचा. दुसरी, आयजीएसटी भरून माल पाठवायचा आणि मग सरकारकडून तो परत घ्यायचा. या दुसऱ्या वाटेत परतावा विक्रेत्याच्या खात्यात येतो, तुमच्या नाही. तुमच्याकडूनही घेतला आणि सरकारकडूनही घेतला तर ती सरळ लुबाडणूक आहे.

आमचं सासरचं चपलांचं दुकान आहे. दुकान थोरले दीर, म्हणजे आमचे दादा, बघतात, ऑनलाइनच्या ऑर्डरी माझ्याकडे. बिलाचं सॉफ्टवेअर सरसकट सगळ्यांना कर लावायचं, ऑर्डर इचलकरंजीची असो नाहीतर मेलबर्नची. मेलबर्नच्याच एका गिऱ्हाईक बाईंनी, त्या मूळच्या सांगलीच्या, मला विचारलं की चप्पल भारतात वापरली जाणारच नाही, मग हा कर कशाचा? मी तो ईमेल छापून दादांच्या गल्ल्यावर ठेवला. दादा म्हणाले, "डॉलरात कमावतात ती माणसं, त्यांना काय जड जातंय? आणि तिकडं 10 टक्के जीएसटी आहेच की!"

आहे ना, पण तो त्यांच्या सरकारचा आहे. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2018 पासून 1000 डॉलरपर्यंतच्या बाहेरून येणाऱ्या मालालाही जीएसटी लावला. पण तो गोळा करून भरायची जबाबदारी तिथे वर्षाला 75,000 ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा त्याहून जास्त विक्री करणाऱ्यावर येते. आमची विक्री त्याच्या जवळपासही नव्हती. आणि असती, तरी ते पैसे ऑस्ट्रेलियाला द्यायचे होते, आपल्या गल्ल्यात ठेवायचे नव्हते. माल जिथे वापरला जाईल तिथल्या सरकारने कर घ्यावा, हे साधं तत्त्व दादांना पटेना.

खोदून विचारल्यावर खरं कारण बाहेर आलं. आमची परदेशी पार्सलं एका एजंटामार्फत 'गिफ्ट' म्हणून जात होती. त्यात कागद कमी लागतात, स्वस्तही पडतं. पण गिफ्ट म्हणून गेलेल्या मालाची विक्री निर्यात म्हणून दाखवता येत नाही. निर्यातीचा पुरावा नाही म्हणजे कर भरणं आलंच, आणि तो भार जात होता गिऱ्हाइकाच्या माथी. तुमच्या दुकानदाराचंही हेच असण्याची शक्यता मला जास्त वाटते. म्हणून त्याला आधी एवढंच विचारा: पार्सल सीएसबी-5 वर, म्हणजे कुरिअरने विक्रीचा माल निर्यात करायच्या कस्टम्सच्या कागदावर, जाणार की गिफ्ट म्हणून?

मग मीच कागदांच्या मागे लागले. डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याच्या, साइटवर आयईसी हा आयात-निर्यातीचा नंबर काढला, 500 रुपये फी. बँकेकडून एडी कोड, म्हणजे निर्यातीच्या व्यवहारासाठीचा बँकेचा नंबर, घेतला. जीएसटी पोर्टलवर आरएफडी-11, म्हणजे एलयूटीचा फॉर्म, भरला, त्याला एक पैसा लागत नाही. दोन साक्षीदारांची नावं, पत्ते आणि व्यवसाय लिहावे लागतात. शेजारचे गूळवाले आणि माझ्या मैत्रिणीचे यजमान हसत तयार झाले. एलयूटी त्या आर्थिक वर्षापुरतं असतं, 1 एप्रिलला नवं लागतं. बिलाच्या तारखेपासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर गेला पाहिजे, नाहीतर व्याजासकट कर भरावा लागतो. कुरिअर नको असेल तर पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं आहेत. वर चामडं, खोकी, कुरिअर यांच्यावर आपण जो जीएसटी भरतो तोही परत मागता येतो. दादा अजून म्हणतात, "एवढा उपद्व्याप चार जोडांसाठी?" हो, चार जोडांसाठीच. आमच्याकडे वेणी घालणाऱ्या मावशी चामड्याच्या दोऱ्याएवढ्या बारीक पट्ट्या पायाच्या अंगठ्यात धरून विणतात, मान वर करत नाहीत. तुमच्या बिलातल्या 756 रुपयांत त्यांची दिवसभराची मजुरी निघते. चप्पल महाग झाली म्हणून गिऱ्हाईक परतलं तर पहिली झळ त्यांना बसते, दादांना नाही.

आता परताव्याचं. सरकार तुम्हाला थेट काही देणार नाही. पार्सल निघालं नसेल तर कर न लावलेलं नवं बिल मागा. त्यावर एलयूटीखाली, कर न भरता निर्यात, असा उल्लेख असायला हवा. निघालं असेल आणि आयजीएसटी भरून गेलं असेल, तर दुकानदाराला परतावा मिळणारच आहे. माझे पैसे मला द्या म्हणून ठणकावून सांगा. "आमचे सीए असंच सांगतात" हे उत्तर मी घरात खूप ऐकलंय. सीएंना जे कागद दाखवाल त्यावरच ते सांगणार.

एक मात्र आहे. हे सगळं माल थेट देशाबाहेर जातो तेव्हाचं. जोड पुण्याला आईकडे मागवून सुट्टीत घेऊन जाणार असाल तर पैसे कुठूनही दिलेत तरी जीएसटी लागणारच. दर 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या जोडाला 5 टक्के आणि त्याहून महाग जोडाला 18, म्हणजे तुमच्या बिलातला दर बरोबर आहे, लावलाय तो चुकीच्या ठिकाणी.

तुमच्या बाजूचा खर्च वेगळा. न्यू जर्सीत सेल्स टॅक्स 6.625 टक्के आहे, पण रोजच्या कपड्यांना आणि चपला-बुटांना तो लागत नाही. अमेरिकेची 800 डॉलरपर्यंतची आयात शुल्काची सवलत मात्र 29 ऑगस्ट 2025 पासून बंद झालीय, त्यामुळे ड्यूटी किती बसेल आणि ती कोण भरणार हे पार्सल निघायच्या आधी विचारून घ्या. ती वाचवायला दुकानदार 'गिफ्ट लिहितो' म्हणाला तर ऑर्डर रद्द करा. कोल्हापुरात चपलांच्या दुकानांची वाण नाही.